मूल जिथे, ताट तिथे

रोजेदाराची भूक सायंकाळी मगरिबच्या अजानबरोबर भागते. मोलगी परिसरातल्या पाड्यांवरच्या भुकेला अशी ठरलेली वेळ नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एकवेळचे चौरस जेवण, पुढे मुलांना अंडी-केळीही मिळू लागली. पण दिवाळीनंतर सातपुड्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मायलेकरे फडावर, त्यांचे ताट मात्र पाड्यावर! वजनाची नोंद तुटते, लसीची तारीख चुकते. होळीला परतल्यावर त्यातली काही मुले पुन्हा कुपोषणाच्या यादीत दिसतात. फित्रा ईदच्या नमाजआधीच द्यायचा असतो, म्हणजे गरिबाची ईद उपाशी जात नाही. योजनेनेही वेळ पाळावी. ताट मुलाच्या मागे जावे, मग ते मोलगीत असो की गुजरातेत.