तरुणांची धाप आणि निदानाची घाई

विशी-पंचविशीतील तरुणाला किंवा तरुणीला दोन जिने चढताना धाप लागू लागली, की घरची माणसे आणि पुष्कळदा डॉक्टरही एकाच शब्दात निकाल देतात : ‘अशक्तपणा’ नाही तर ‘टेन्शन’. छातीचा एक्स-रे निर्दोष निघाला, म्हणजे तर टेन्शनवर शिक्कामोर्तबच होते. मनावरील ताणाने श्वास कोंडतो हे खरे. परंतु ते निदान इतर कारणे तपासल्यानंतर करावयाचे असते, त्यांच्याऐवजी नव्हे.

अशक्तपणाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. इतका सार्वत्रिक विकार रक्ताच्या साध्या तपासणीवाचून गृहीत धरला जातो आणि मग त्याच्या आड दुसरे दुखणे दडून राहते. दम्याच्या रोग्याची छाती तर सकाळी दवाखान्यात स्वच्छ वाजू शकते. त्याची धाप पहाटेची असते.

सर्वांत फसवा विकार हृदयाच्या झडपेचा. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि उतरतात. घरात त्याची आठवणही उरत नाही. परंतु या संधिवाती तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवर केलेला घाव राहतो आणि काही वर्षांनी ती अरुंद होते. पुढे मुलीचे लग्न होते, दिवस जातात, अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. ते त्या झडपेतून पुरेसे पुढे सरकत नाही व फुफ्फुसांत तुंबते. गरोदरपणी थोडी धाप लागतेच, या समजुतीत मोलाचे आठवडे जातात.

वस्तुतः तापानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, बेन्झाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यास घाव वाढणे बव्हंशी टळते. औषध जुने व स्वस्त; त्यात नफा थोडा, म्हणूनच की काय, अनेक देशांत त्याचा तुटवडा पडत आला. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये या रोगाबाबत ठराव केला. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांमधील या विकाराचा शोध अंतर्भूत आहेच. प्रश्न अंमलाचा आहे. या झडपेचा मंद ध्वनी रोग्याला डाव्या कुशीवर निजवून, शांततेत ऐकावा लागतो. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बहुतेकांची छाती उभ्याउभ्या, सदऱ्यावरूनच तपासली जाते.