डबा बदला, पण आधी रोग शोधा



पिकावर रोग दिसला की आपण फवारणीची घाई करतो. रोग कोणता ते आधी ओळखा, औषध मागाहून, असे मी या सदरातून वरचेवर सांगत असतो. आज तीच गोष्ट मोटारगाडीबाबत सांगायची आहे. आता खेड्यातही बऱ्याच घरांपुढे, जुनी का होईना, एखादी चारचाकी उभी असते.

मागे एकदा शिवारफेरीला गेलो असता डोंगरावरच्या गावातील एका आबांनी मला हटकले. "साहेब, पिकाचं राहू द्या, आधी आमच्या गाडीचं बघा." त्यांची गाडी पेट्रोलची, पूर्वी कुणीतरी वापरलेली. सून सात महिन्यांची गरोदर. तिला तपासणीसाठी वाईला नेले. येताना पसरणी घाटात गाडी चढेना. पहिल्या गिअरमध्येही तिला धाप लागली. अखेर सुनेला एस.टी.त बसवून घरी आणावे लागले.

मेकॅनिकने निदान केले, "खालचा डबा चोंदलाय. काढून टाकतो, सरळ नळी जोडतो. गाडी पळेल आणि ॲव्हरेजही वाढेल." मुलगा तयार झाला. आबांचे मन मात्र घेईना. "कंपनीनं तो डबा उगाच बसवला असंल का हो?"

आबांचा प्रश्न रास्त होता. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये जो डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर असतो. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात. सोयरीक जुळवणारा माणूस दोन घरे जोडून देतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही. उत्प्रेरकाचे तसेच असते. आपल्या युरियासाठी लागणारा अमोनियादेखील कारखान्यात लोखंडाच्या उत्प्रेरकावरच तयार होतो.

इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. डबा तापला की यांचे बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होतो. आपल्याकडे 1995 साली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा आला. पेट्रोलमधले शिसे डब्याचे वैरी, म्हणून त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले. 2000 सालापासून देशभर तेच मिळते.

आता आबांच्या घराकडे पाहा. गाडी पडवीला लागून उभी राहते. सकाळी मुलगा ती सुरू करून ठेवतो आणि धूर थेट घरात येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका अधिक. डबा काढला असता तर हे विष कितीतरी वाढले असते. मी मुलाला म्हटले, "अरे, ॲव्हरेजचा हिशेब घालतोस, घरातल्या श्वासाचा कोण घालणार?" डबा शाबूत असला तरी बंद जागेत किंवा पडवीशी गाडी सुरू ठेवू नये, हेही त्याला बजावले.

मग मी विचारले, "समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता का?" मुलगा खाली पाहू लागला. दिवा दोन महिन्यांपासून लागत होता. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी लावली होती!

तालुक्याच्या गॅरेजात तपासणी झाली. एका सिलिंडरची कॉइल गेलेली निघाली. ठिणगी नीट पडत नव्हती, त्यामुळे न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन तिथेच पेटत होते. त्या उष्णतेने आतली वीट वितळून छिद्रे बुजली. इंजिनाला श्वास सोडायला जागाच उरली नाही. नांगराला जुंपलेल्या बैलाचे नाक दाबून धरावे, तशी गाडीची गत झाली. मेकॅनिकचे निदान खरे होते, उपाय तेवढा चुकीचा. नुसता डबा बदलला असता तरी कॉइलने नवा डबाही जाळला असता. आधी कॉइल आणि प्लग बदलले, मग डबा. आता गाडी सुनेला घेऊन घाट चढते.

एवढ्यावरून ध्यानात ठेवायच्या गोष्टी अशा :

1. गाडी ओढत नसेल, सायलेन्सरला नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, डब्यातून खुळखुळ ऐकू येत असेल किंवा इंजिनाचा दिवा लागला असेल, तर लगेच दाखवा.

2. डबा का गेला, हे मेकॅनिककडून वदवून घ्या. ठिणगीचा दोष, इंजिनाने ऑइल खाणे, रेडिएटरचे पाणी आत झिरपणे आणि भेसळीचे पेट्रोल ही नेहमीची कारणे.

3. नवा डबा आपल्या गाडीच्या मॉडेलचा आणि बीएस मानकाचाच घ्या, पक्की पावती घ्या. खर्च हजारांत जातो. जुना डबा तसाच सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंना मोल असते. तो मोडीत घेतला तर बिलातून किंमत वजा करून मागा.

4. नव्या डब्याने गाडीला जादा ताकद येत नाही. गेलेली परत येते, एवढेच.

5. डबा फार तापतो. वाळल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, आग लागते.

6. डबा काढणे कायद्यालाही मान्य नाही. प्रदूषणाचा नियम मोडल्यास, 2019 च्या दुरुस्तीनुसार, पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

शेवटी डिझेलवाल्यांसाठी एक शब्द. बीएस-6 च्या काही डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करायला 32.5 टक्के युरियाचे द्रावण लागते. म्हणून पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याचा मोह कुणालाही होईल. तसे मुळीच करू नका. आपल्या पोत्यातल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. तो पिकाला गुणकारी, पण यंत्रणा त्याने निकामी होईल. पंपावर मिळणारे तयार द्रावणच वापरा.

परवा आबा बाजारात भेटले. म्हणाले, "साहेब, पोरानं ती चिकटपट्टी काढली बरं का." दिवा झाकल्याने रोग जात नाही, मंडळी, तो दिसेनासा होतो, इतकेच.