पाहुणा घरात, पण यादीत नाही!

दिवाळीच्या तोंडावर घरातली कपाटे, फडताळे झाडूनपुसून लख्ख होतात, त्याप्रमाणे अलीकडे घरातल्या संगणकाचीही झाडलोट करण्याची टूम निघाली आहे. त्याला कारणही तसेच घडले. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि चांगल्या चालत्या यंत्रांचे धनीदेखील विचारात पडले. नवे यंत्र घेण्यापेक्षा आहे त्यातच एक वेगवान डिस्क बसवावी आणि तिच्यावर विंडोज ११ घालावे, असा हिशेब कोणीही संसारी माणूस करणारच. हिशेबात खोट नाही. मात्र डिस्क बसवून प्रणाली घालावयास बसावे आणि पडद्यावरच्या यादीत नेमकी तीच नसावी, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. आजचे चार शब्द त्यांच्याकरिता.

माझा एक भाचा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गावी शिक्षक आहे. गावात संगणक जाणणारा तो एकटा, म्हणून ग्रामसभेचे हिशेबही त्याच्याच गळ्यात. शहरी वाचकांना वाटेल, जंगलातल्या ग्रामसभेचे हिशेब ते केवढे? पण तसे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. कोणी किती पुडे आणले, कोणाची मजुरी राहिली, ठेकेदाराकडून किती येणे आहे, हे सारे लिहून ठेवावे लागते.

हा भाचा चंद्रपुरास आला आणि नवी डिस्क घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन.

“मामाजी, नवी डिस्क दिसूनच नाही राहिली ना! जुनी तेवढी दिसते. इथले एक जण म्हणून राहिले, तिलाच पुसा अन् तिच्यावरच घाला.”

“खबरदार!” मी म्हटले. “आधी त्या माउसवरचा हात काढ. जुन्या डिस्कवर काय आहे?”

“तीन हंगामांचा हिशेब.”

“दुसरी प्रत?”

तिकडे शांतता. म्हणजे प्रत नव्हती. ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’ या दोन बटणांपाशी साऱ्या गावाची मजुरी अडकली होती. त्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही : यंत्र बंद कर, वीज काढ आणि जुन्या डिस्कची वायर सोडवून ठेव. मग यादी अगदी रिकामी झाली तरी चालेल. रिकाम्या यादीतून काही पुसले जात नाही.

आता नवी डिस्क दिसत का नाही? आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात. समजा, नट गावात पोहोचला नाही, तर तो दोष प्रवासाचा. नट रंगपटात येऊन बसला आहे, पण व्यवस्थापक त्याला ओळखत नाही, तर तो दोष ओळखीचा. उपाय निरनिराळे, म्हणून आधी नट कोठे आहे ते पाहावे.

यंत्र सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ दाबले की बहुतेक यंत्रांत बायोस नावाचा पडदा उघडतो. डिस्क तिथेही नसेल, तर प्रवासात घोटाळा. वायरची डिस्क असेल तर विजेची व माहितीची अशा दोन्ही वायरी घट्ट आहेत ना, ते पाहावे. च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ डिस्क असेल तर ती खाचेत पूर्ण गेली आहे का, हे पाहावे. शिवाय एम.२ च्या काही खाचा केवळ साटा जातीची डिस्क घेतात, काही केवळ एनव्हीएमई. खाच सारखी दिसते, जात निराळी असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते.

भाच्याची डिस्क बायोसमध्ये दिसत होती. म्हणजे नट रंगपटात होता. ओळख तेवढी नव्हती. इंटेलच्या २०२० साली आलेल्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ यंत्रांत व्हीएमडी नावाची एक सोय असते. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क तिच्या आड राहते, आणि विंडोज घालण्याच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसला तर डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येते. पण आधीची प्रणाली तिच्याच आधारे चालत असेल, तर ती सुरू होईनाशी होते. म्हणून मी ड्रायव्हरचा मार्ग सांगितला.

गावात नेटवर्क यथातथाच. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या गावी गेला, यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला आणि एका परिचिताच्या संगणकावर तो उलगडून पेनड्राइव्हवर घेतला. उलगडणे महत्त्वाचे, आत ‘आयएनएफ’ शेपटीची फाइल दिसली पाहिजे. रात्री ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण दाबून ती फाइल दाखविताच यादीत एक ओळ उमटली. पुढे ‘अनअलोकेटेड स्पेस’ असे लिहिलेले पाहून तो पुन्हा घाबरला. ती कोऱ्या डिस्कची पाटी. तिच्यावर बोट ठेवून पुढे जावयाचे, एवढेच.

विंडोज बसले, जुनी डिस्क पुन्हा जोडली, तीन हंगाम जसेच्या तसे निघाले. त्यांच्या दोन प्रती त्याच रात्री झाल्या. एक शाळेत, एक ग्रामसभेच्या पेटीत.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांच्या त्या सुमारे टनभर वजनाच्या धुडात ५० लाख अक्षरे मावत. तिच्याविषयी ‘दिसत नाही’ अशी तक्रार खासच कोणी केली नसेल! आता लाखो पटींनी अधिक मजकूर बोटभर पट्टीवर राहतो, आणि तो पुसायला एक बटण पुरते.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. आपले जमाखर्च, मुलांची छायाचित्रे, घराचे कागद आता डिस्कवर असतात. यंदा हळदकुंकू वाहण्यापूर्वी त्यांची एक प्रत निराळ्या जागी काढून ठेवा, आणि मगच नव्या पाहुण्याला घरात घ्या.