माशाच्या पोटातला फुगा

कुवेंपुनगरातून एका आईनं विचारलं आहे: घरच्या काचेच्या टाकीतला गोलमटोल गोल्डफिश दोन दिवस पोट वर करून तरंगतोय. कल्ले हलताहेत, खाणं टाकलं की उलट्या अंगानंच तोंड उघडतो. लेक रडून बेजार झाली आहे. मासा मरतोय का?

लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा अशा माशाच्या पोटातल्या फुग्याचं काम बिघडलेलं असतं.

माशाचं मांस आणि हाडं पाण्यापेक्षा थोडी जड असतात. नुसत्या त्यांच्या भरवशावर मासा हळूहळू तळाशी जाईल. म्हणून बहुतेक हाडवाल्या माशांच्या कण्याखाली वायूनं भरलेली एक पिशवी असते. पुस्तकात तिला वाताशय म्हणतात, कोकणपट्टीतले मच्छीमार बोत म्हणतात. गोड्या पाण्यातल्या माशात ती शरीराच्या आकारमानाच्या साधारण ७ टक्के असते, समुद्री माशात ५ टक्के. खारं पाणी जास्त उचलून धरतं, तेव्हा तिथं लहान फुगा पुरतो. विहिरीपेक्षा समुद्रात आपलं अंग हलकं वाटतं, त्याचंही कारण हेच.

आता तुमचा गोल्डफिश. मूळचा हा मासा लांबट. माणसानं शोभेसाठी पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याला लाडवासारखा गोल केला आणि आतली आतडी, फुगा सगळं दाटीवाटीत बसलं. त्यात मुलांच्या प्रेमामुळे दिवसातून चार वेळा खाणं पडतं, पोट फुगतं, फुग्यावर दाब येतो, आणि मासा कलंडतो. एक-दोन दिवस खाणं पूर्ण बंद ठेवा. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी घेऊन टाकीतलं पाव भाग पाणी बदला. नंतर दाणे भिजवून, तेही मोजकेच द्या. कोरडे तरंगते दाणे खाताना मासा हवाही गिळतो. पाणी घाण असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर एवढ्यानं भागणार नाही. तेव्हा जाणकाराला दाखवा.

हा फुगा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर येत्या रविवारी रोहू किंवा कटला घ्या आणि कापणाऱ्याला सांगा, पोटातलं फेकू नका. गोल्डफिश याच कुळातला. मधे कंबर आवळलेली, मोत्यासारखी चकचकीत पांढरी दोन कप्प्यांची पिशवी दिसेल. तिच्यातून एक बारीक नळी अन्ननलिकेला जाते. पृष्ठभागावर येऊन हवा गिळायची आणि या नळीतून फुगा भरायचा, ही या माशांची सोय. मात्र लिंगांबुधी तलावावर सकाळी फिरताना खूप मासे एकदम वर येऊन तोंडं उघडताना दिसले, तर ते फुगे भरत आहेत असं मुलांना सांगू नका. बऱ्याचदा पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो आणि ती धाप लागलेली असते.

रोहूचा फुगा आणखी एक काम करतो. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोक्यात अंतर्कर्ण असतो. माशाचं शरीर जवळपास पाण्याइतकंच दाट, त्यामुळे आवाजाच्या लहरी त्यातून आरपार जातात. फुग्यातला वायू मात्र त्या लहरींनी थरथरतो. रोहू, कटला, मांगूर यांच्यात फुग्यापासून अंतर्कर्णापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते आणि थरथर तिच्यातून कानाकडे जाते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० साली तिचं वर्णन केलं. टाकीच्या काचेवर टकटक करू नका म्हणतात ते उगाच नाही!

अनेक समुद्री माशांत मोठेपणी ती नळी उरतच नाही. फुग्यातला वायू रक्तातून येतो आणि रक्तातच परत जातो, पण सावकाश. ३० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथला मासा जाळ्यानं झटकन वर ओढला तर फुगा फुगत जातो आणि कधी कधी माशाचं जठर तोंडातून बाहेर येतं. मोरी, म्हणजे शार्क, या भानगडीत पडलीच नाही. तिला फुगा नाही. तेलानं भरलेलं भलंमोठं यकृत आणि हाडांऐवजी हलकी कूर्चा यांवर तिचं भागतं.

आणि घोळ? तिच्या बाबतीत फुगा वैरी ठरला आहे. घोळ, कोथ, ढोमा यांच्या कुळातले मासे फुग्याजवळचे स्नायू भराभर आकुंचित करून ढोलासारखा आवाज काढतात. जोडीदाराला बोलावण्यासाठी त्याचा उपयोग होतो. हेच बोत वाळवून हाँगकाँग आणि चीनमध्ये सुपासाठी प्रचंड भावानं विकलं जातं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाल्या आणि सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. बातमी वाचून आपण सगळे हरखलो. त्या कोळी कुटुंबाच्या नशिबाचा हेवा करण्याचं कारण नाही, कष्टाचं काम आहे ते. पण घोळ थव्यानं एकत्र येते, तेव्हा नेमक्या जागी पडलेलं जाळं थवाच्या थवा उचलू शकतं, हे त्या बातम्यांमध्ये फारसं कुठं आलं नाही.

कॅलिफोर्नियाच्या आखातात याच कुळातला तोतोआबा नावाचा मासा आहे. त्याच्या बोतासाठी चोरून लावलेल्या जाळ्यांत अडकून तिथला वाकिता हा छोटा सागरी सस्तन प्राणी मरत गेला. आज जगात वाकिता दहाच्या आसपास उरले आहेत. त्यांच्या पोटात बोत नाहीच. ते आपल्यासारखे फुप्फुसानं श्वास घेतात.

पुढच्या वेळी एका आजोबांच्या नातवाचा प्रश्न: माशाला पापण्या नाहीत, मग तो झोपतो कधी?