औषध बाहेरून आणा

२०२२च्या मार्चअखेर श्रीलंकेत कँडीजवळच्या पेरादेनिया इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाने ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. डॉक्टर होते, परिचारिका होत्या, खाटाही होत्या. औषधे संपत आली होती. भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर त्या वेळी कोलंबोच्या दौऱ्यावर होते. बातमी वाचून त्यांनी भारतीय उच्चायुक्तांना मदतीसाठी संपर्क साधायला जाहीरपणे सांगितले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १२ एप्रिलला, श्रीलंका सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. एकूण परदेशी कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होते आणि स्वतंत्र झाल्यापासून देशावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग शेजारी देशांचे कर्ज, कर आणि आरोग्यखर्च या तीन रकान्यांना वाहिलेला आहे. विषय रुक्ष वाटेल, पण धनत्रयोदशीला जिथे धनाची आणि धन्वंतरीची पूजा एकाच दिवशी होते, तिथल्या वाचकाला हे रकाने शेजारी-शेजारी ठेवून वाचणे जड जाऊ नये. एकेकटे वाचले तर ते फसवतात.

श्रीलंकेची शोकांतिका समजून घ्यायची तर आधी तिने काय कमावले होते ते पाहायला हवे. ब्रिटिश अमलातच, १९३१ साली, तिथे स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. १९३४-३५च्या मलेरियाच्या साथीत सुमारे ८० हजार माणसे गेली. मत मागायला गावात येणाऱ्या पुढाऱ्याला लोक आता दवाखान्याबद्दल विचारू लागले. खेडोपाडी दवाखाने उभे राहिले आणि १९५१पासून सरकारी उपचार सर्वांसाठी मोफत झाले. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा देश मलेरियामुक्त जाहीर केला. तिथले मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जन्मांमागे ३०च्या आसपास आहे. श्रीमंत नसलेल्या देशाने, फार मोठा खर्च न करता हे साधले.

मग २०१९ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. करकपातीचे आश्वासन देऊन गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि डिसेंबरपासून मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला. नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा इतकी वाढवली की हजारो व्यावसायिक कराच्या जाळ्यातूनच बाहेर पडले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास असलेला करमहसूल दोन वर्षांत आठ टक्क्यांच्या खाली गेला. त्यातच कोविडने पर्यटन बसवले आणि २०२१मध्ये रासायनिक खतांवरच्या अचानक बंदीने शेती बसवली. परकीय चलन आटले, आणि बहुतांश औषधे आयात करणाऱ्या देशात चलन आटले की रुग्णालयाचे कपाट रिकामे होते. सप्टेंबर २०२२मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांना भिडला. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि जानेवारी २०२४पासून तोच मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. करकपातीचा मोठा लाभ ज्यांना झाला त्यांच्याकडून नव्हे, तर साबण-बिस्किटे विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून ती भरपाई होते आहे.

पाकिस्तानचे दुखणे वेगळे आहे. २०२४-२५च्या तिथल्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण १८.८८ लाख कोटी पाकिस्तानी रुपयांच्या खर्चापैकी ९.७८ लाख कोटी केवळ व्याजासाठी होते. निम्म्याहून अधिक रक्कम व्याजात गेल्यावर शाळा आणि दवाखान्यांच्या वाट्याला काय उरणार? त्या देशाने नाणेनिधीचे दार विसाहून अधिक वेळा ठोठावले आहे. शेतीउत्पन्नावरचा कर तिथे प्रांतांच्या अखत्यारीत येतो आणि प्रांतिक विधिमंडळांत जमीनदारांचे वजन मोठे, म्हणून तो वर्षानुवर्षे नावापुरता राहिला. नाणेनिधीची अट आल्यावर प्रांतांनी त्यासाठी नवे कायदे केले. स्वतःच्या श्रीमंतांकडून कर घ्यायला जे सरकार कचरते, त्याला शेवटी सावकाराच्या सांगण्यावरून तो घ्यावा लागतो.

बांगलादेशाचा कर्जाचा आकडा मात्र पाहणाऱ्याला दिलासा देतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भारताच्या साधारण निम्मा. पण तिथला करही आठ टक्क्यांच्या आसपास, जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. परिणाम असा, की आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांमधले ७०च्या आसपास रुपये कुटुंबे स्वतःच्या खिशातून भरतात. सरकारवर कर्ज कमी आहे, कारण ते कर्ज आजारी माणसाच्या घरात जाऊन बसले आहे.

याच बांगलादेशाकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. १९८०च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांतून जुलाबावरचे जलसंजीवनीचे औषध घरच्या घरी कसे करायचे, हे त्यांनी सुमारे १ कोटी २० लाख घरांतल्या आयांना शिकवले. १९८२च्या औषध धोरणाने निरुपयोगी औषधे बाजारातून काढली आणि देशी उत्पादनाला बळ दिले. आज तिथले सरासरी आयुर्मान भारतापेक्षा जास्त आहे.

भूतानकडे पाहिले की कर्जाच्या टक्केवारीवरचा विश्वासच उडतो. जेमतेम आठ लाख लोकसंख्येच्या या देशाचे कर्ज त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाहून मोठे आहे. तरी तिथे कोलंबोसारखा हाहाकार उडालेला नाही. या कर्जाचा मोठा भाग जलविद्युत प्रकल्पांचा आहे. ताला, मांगदेछू अशा प्रकल्पांना पैसा दिला भारताने आणि त्यांची वीज विकत घेतो तोही भारतच. भूतानचे चलन रुपयाशी जोडलेले असल्यामुळे डॉलर महागला तरी हे कर्ज रातोरात फुगत नाही. मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याची जबाबदारी भूतानच्या राज्यघटनेने सरकारवर टाकली आहे आणि देशात न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णांना सरकारी खर्चाने भारतात पाठवले जाते. कर्ज किती, यापेक्षा ते कोणत्या चलनातले, कोणाचे आणि कशासाठी घेतलेले, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

आता आपल्याकडे. केंद्र आणि राज्ये मिळून भारताचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या घरात आहे. त्यातले बहुतेक रुपयांत आहे आणि देशातल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडून घेतलेले आहे. त्यामुळे श्रीलंकेसारखा कडेलोट समोर दिसत नाही. व्याज मात्र द्यावेच लागते. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्याजासाठी १२.७६ लाख कोटी आणि आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे एक लाख कोटी रुपये आहेत. आरोग्य हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे हे खरे, पण राज्यांचा खर्च मिळवूनही २०२१-२२मध्ये सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते वर्ष आता सरले आहे.

सुधारणा झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ३३ जीवरक्षक औषधे करमुक्त झाली. हेही स्वागतार्ह आहे. पण विम्याच्या हप्त्यातली सवलत हप्ता भरू शकणाऱ्यालाच मिळते. धडगावच्या किंवा भामरागडच्या बाळंतिणीला हवा आहे तो डॉक्टर असलेला, औषधसाठा असलेला सरकारी दवाखाना. तिथे ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडते तेव्हा त्या कुटुंबावर एक करच बसतो. ऐपत न पाहता आजारी माणसाकडूनच वसूल होणारा, पावतीवर कर म्हणून न दिसणारा कर. तो भरायला बकरी विकली जाते, मंगळसूत्र गहाण पडते. आणि हे कुटुंब ‘करदाता’ नाही, असे शहरात सर्रास म्हटले जाते. वास्तविक चपलेपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत ते जीएसटी भरतच असते.

अर्थसंकल्प सामान्य माणसाच्या बाजूने वाचण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण केले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान बाळगत होते. दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते, असे गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडले आणि गरिबाला सर्वाधिक जाचणाऱ्या मिठाच्या करावर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

आज महाराष्ट्रावरच्या कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या पुढे गेला आहे. याच राज्यात २०१८-२०मध्ये मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जन्मांमागे ३३ होते, म्हणजे देशाच्या ९७च्या तुलनेत कितीतरी कमी आणि श्रीलंकेच्या जवळ जाणारे. क्षमता आहे, परंपरा आहे. पैसा कोणाकडून येतो आणि कुठे जातो, हे विचारण्याचा आग्रह हवा.

हा आग्रह धरण्याची संधी निवडणुकीत मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे चालवतात त्या जिल्हा परिषदांच्या रखडलेल्या निवडणुका जानेवारी २०२६ अखेरपर्यंत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये सांगितले होते. प्रचाराला दारात येणाऱ्या उमेदवाराला वाचकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. आपल्या केंद्रातली डॉक्टरांची किती पदे रिकामी आहेत? गेल्या वर्षी औषधखरेदीला किती पैसे आले आणि किती परत गेले? आणि बाहेरून औषध आणायला लावणाऱ्या चिठ्ठ्यांची नोंद कोण ठेवते? पुढच्या पानांवरचे लेख हे प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती आकडे देतील, अशी या अंकाची धडपड आहे.