टॉम फ्लोरेस : शांत डोक्याचा प्रशिक्षक

टॉम फ्लोरेस यांनी अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून दोन सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले, दोन्ही रेडर्स संघासाठी. त्याआधी ते याच संघाचे क्वार्टरबॅक होते. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू लांब फेकायचा की पळणाऱ्याच्या हाती द्यायचा, हे समोरच्या बचावफळीचा अंदाज घेत त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. डोके शांत नसेल तर या जागेवर निभाव लागत नाही. फ्लोरेस यांची प्रशिक्षक म्हणून सारी घडण याच जागेवर झाली.

1937 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो येथे एका मेक्सिकन शेतमजूर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी स्वतःही शेतात काम केले. कॉलेजनंतर खांद्याच्या दुखापतीने त्यांची पाठ सोडली नाही, आणि दोन संघांनी त्यांना नारळ दिला. 1960 मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग सुरू झाली आणि ओकलंडच्या रेडर्स या नव्या संघात त्यांना जागा मिळाली. व्यावसायिक फुटबॉलमधले ते पहिले लॅटिनो नियमित क्वार्टरबॅक. फुफ्फुसाच्या आजाराने 1962 चा हंगाम वाया गेला. पुढच्या वर्षी ते परतले आणि ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात त्यांनी टचडाउनचे, म्हणजे चेंडू विरोधकांच्या अखेरच्या पट्ट्यात पोहोचवून गुण मिळवणारे, सहा पास दिले. तो सामना ओकलंडने 52-49 असा जिंकला. शेवटची वर्षे मात्र राखीव खेळाडू म्हणून गेली. कॅन्सस सिटीने जानेवारी 1970 मध्ये सुपर बोल जिंकला तेव्हा ते त्या संघात क्वार्टरबॅक लेन डॉसन यांचे राखीव होते.

1972 मध्ये ते रेडर्सकडे सहायक प्रशिक्षक म्हणून आले. मुख्य प्रशिक्षक जॉन मॅडन यांचा आवाज मैदानभर घुमायचा. फ्लोरेस क्वचितच आवाज चढवत. 1979 मध्ये मॅडन यांची जागा त्यांना मिळाली, तेव्हा संघाचे सर्वेसर्वा अल डेव्हिस होते. डेव्हिस यांच्या सावलीत फ्लोरेस यांच्या कामाकडे लोकांचे लक्ष गेले नाही, आणि हा अन्याय पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

त्यांच्या कामाची खरी ओळख 1980 च्या हंगामात पटते. पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनी यांचा पाय मोडला. दोन विजय, तीन पराभव अशी संघाची स्थिती होती. चेंडू जिम प्लंकेट यांच्याकडे आला. महाविद्यालयीन फुटबॉलची हाइझमन ट्रॉफी जिंकलेला, पण दोन संघांतून बाहेर पडलेला आणि संपला असे मानला गेलेला हा खेळाडू. राखीव बाकावर बसण्याचे दुःख फ्लोरेस यांना ठाऊक होते. त्यांनी प्लंकेट यांना घाई केली नाही. संघाने 11 सामने जिंकले, बाद फेरीत वाइल्ड कार्डने, म्हणजे आपला गट न जिंकता, प्रवेश केला, आणि 25 जानेवारी 1981 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये फिलाडेल्फियाला 27-10 असे हरवले. वाइल्ड कार्डवरून सुपर बोल जिंकणारा हा पहिला संघ. सामनावीर प्लंकेटच ठरले.

दुसरे विजेतेपद जानेवारी 1984 मध्ये आले. तोवर संघ लॉस एंजेलिसला गेला होता. वॉशिंग्टनविरुद्धच्या या सामन्यात पूर्वार्ध संपायला काही सेकंद उरले असताना सहायक प्रशिक्षक चार्ली समनर यांनी जॅक स्क्विरेक या खेळाडूला ऐनवेळी आत पाठवले. ऑक्टोबरमध्ये ज्या चालीने वॉशिंग्टनने रेडर्सला चकवले होते तीच पुन्हा येणार, असा त्यांचा कयास होता. स्क्विरेक यांनी पास अडवून थेट टचडाउन केला. सामना 38-9 असा संपला. सहकाऱ्यांना इतका मोकळा हात देणारे प्रशिक्षक विरळ असतात.

1987 च्या हंगामानंतर ते रेडर्समधून बाजूला झाले. 1992 ते 1994 या काळात सिअ‍ॅटलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा 14 विजय आणि 34 पराभव असा हिशेब राहिला. तो अपयशाचा काळ होता, यात शंका नाही. पण सुपर बोल जिंकणारे पहिले अल्पसंख्याक मुख्य प्रशिक्षक ठरलेल्या माणसाची किंमत त्या तीन वर्षांवरून ठरवणे चुकीचे होते. खेळाडू, सहायक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी सुपर बोल जिंकलेल्या मोजक्या लोकांत त्यांचे नाव आहे. तरीही प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश 2021 मध्ये झाला, वयाच्या 84 व्या वर्षी. हा सन्मान त्यांना किमान वीस वर्षे आधी मिळायला हवा होता.