वृत्तालेखाचाही ताळा पाहावा



मार्चअखेरचे हिशेब पूर्ण झाले की हल्ली अनेक पेढ्यांवर एक नवी प्रथा दिसू लागली आहे. पूर्वी वर्षाचा आढावा म्हणजे खतावणीची तेरीज, मालाच्या साठ्याची यादी आणि उधारीचा तपशील एवढेच असे. आता घरातील वाणिज्य अथवा व्यवस्थापनशास्त्र शिकणारी मुले-मुली त्याच आकड्यांची रंगीत वर्तुळे संगणकावर काढून आणतात आणि भागीदारांच्या बैठकीत ती सर्वांपुढे ठेवली जातात. ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. आकड्यांच्या रांगा पाहून ज्यांना कंटाळा येतो, त्यांनाही धंद्याचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु कीर्दीतील प्रत्येक रकमेचा ताळा पाहणारे आपण या वर्तुळाचा ताळा मात्र क्वचितच पाहतो. चित्र संगणकाने काढले म्हणजे ते बिनचूकच असणार, असा आपला समज असतो. संगणक बेरजेत चुकत नाही हे खरे. पण वर्तुळ कोठून सुरू करावे, कोणता रंग द्यावा, टक्केवारी किती अंकांपर्यंत लिहावी हे तो आपल्याला न विचारताच ठरवून टाकतो. आणि बैठकीतील मंडळींचे मत बनते ते या ठरवण्यावर. म्हणून चित्राची ही मांडणी आपल्या हाती कशी घ्यावी, याचा आज विचार करू.

दहावीच्या गणितात ज्याला आपण वृत्तालेख म्हणतो आणि व्यवहारात ‘पाय चार्ट’ म्हणतो, त्याचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाचे नाव घेतले जाते. 1786 साली त्याने व्यापाराचे आकडे रेषांनी व स्तंभांनी दाखवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 1801 साली, लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या दुसऱ्या ग्रंथात, तुर्की साम्राज्याच्या भूमीचे आशिया, युरोप व आफ्रिका असे तीन भाग एका वर्तुळात हाताने रंगवून दाखवले. त्या ग्रंथात देशांच्या विस्ताराप्रमाणे त्याने वर्तुळेही लहानमोठी काढली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या या काळजीकडे आपण पुढे परत येऊ.

वृत्तालेखाचे गणित अगदी सोपे आहे. एखाद्या कापड दुकानाचे उदाहरण कल्पू. वर्षाची विक्री 80 लाख रुपये. त्यात साड्या 28 लाख, ड्रेस मटेरियल 22 लाख, शर्टिंग-सूटिंग 16 लाख, तयार कपडे 8 लाख, चादरी-पडदे 4 लाख आणि संकीर्ण 2 लाख. प्रत्येक रकमेला 80 लाखांनी भागून 360 ने गुणले की केंद्रीय कोन मिळतात : अनुक्रमे 126, 99, 72, 36, 18 आणि 9 अंश. त्यांची बेरीज 360. टक्केवारीत हेच आकडे 35, 27.5, 20, 10, 5 आणि 2.5 होतात. येथपर्यंत संगणक आणि आपण एकमतात आहोत. मतभेदाला सुरुवात होते ती यानंतर.

पहिला प्रश्न क्रमाचा. एक्सेलमध्ये वर्तुळपाकळ्या घड्याळाच्या बाराच्या ठिकाणापासून काट्याच्या दिशेने मांडल्या जातात आणि त्यांचा क्रम तक्त्यात जसा असेल तसाच राहतो. म्हणून चित्र काढण्यापूर्वी तक्ताच मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे लावून घ्यावा. ‘संकीर्ण’ मात्र नेहमी शेवटी. महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या ‘आर’ या विनामूल्य सांख्यिकी प्रणालीत आणि पायथनच्या ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये ही रीत निराळी आहे. तेथे पहिली पाकळी घड्याळातील तीनच्या ठिकाणी सुरू होते आणि मांडणी काट्याच्या उलट दिशेने जाते. त्यामुळे दुकानातील हिशेबनीसाने काढलेले वर्तुळ आणि मुलीने काढलेले वर्तुळ, आकडे तेच असूनही, वेगळे दिसते. ‘आर’मध्ये ‘क्लॉकवाइज’ हा पर्याय ‘ट्रू’ केला की सुरुवात बारापासून आणि काट्याच्या दिशेने होते. ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये ‘स्टार्टअँगल’ 90 व ‘काउंटरक्लॉक’ ‘फॉल्स’ करावे लागते. दरवर्षी एकच क्रम ठेवला, तर गतवर्षीचे व यंदाचे चित्र शेजारी ठेवून पाहता येते.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. पुष्कळदा वर्तुळाच्या बाजूला रंगांची सूची येते आणि वाचणाऱ्याची नजर सूची व वर्तुळ यांच्यामध्ये येरझारा घालत राहते. त्यापेक्षा पाकळीवर माउसची उजवी कळ दाबून ‘अॅड डेटा लेबल्स’ निवडावे, पुढे ‘कॅटेगरी नेम’ आणि ‘पर्सेंटेज’ यांवर खूण करावी आणि सूची काढून टाकावी. नाव ज्याचे त्याच्यापाशी आले की घरातील वडीलधाऱ्यांना चष्मा सावरत रंग जुळवत बसावे लागत नाही.

येथेच एक बारीक खाच आहे. एक्सेल ही टक्केवारी सहसा पूर्णांकात लिहिते. आपल्या दुकानाची टक्केवारी तशी लिहिली की 35, 28, 20, 10, 5 आणि 3 होते. बेरीज करून पाहा : 101! ज्या घरात एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री दिवा मालवला जात नसे, त्या घरातील आजोबा हे पाहून सारे चित्रच बाजूला सारतील, आणि त्यांचे करणे योग्यच ठरेल. दोष आकड्यांचा नाही, पूर्णांक करण्याचा आहे. लेबलच्या ‘नंबर’ विभागात टक्केवारीला एक दशांश स्थळ दिले की 27.5 आणि 2.5 जसेच्या तसे दिसतात व ताळा जुळतो.

तिसरा प्रश्न रंगांचा. रंगीत पडद्यावर शोभणारे चित्र झेरॉक्सच्या दुकानातून काळेपांढरे होऊन येते, तेव्हा लाल आणि हिरवा एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. काही व्यक्तींना तर रंगीत प्रतीतही लाल-हिरव्यातील भेद नीट कळत नाही. यावर उपाय म्हणजे एकाच रंगाच्या गडद ते फिकट छटा घ्याव्यात, पाकळ्यांच्या मध्ये पांढरी रेघ ठेवावी आणि ज्या एका विभागावर चर्चा व्हायची आहे तेवढ्यालाच उठावदार रंग द्यावा. ‘आर’मध्ये रंगाऐवजी तिरक्या रेघांनी पाकळी भरण्याचीही सोय आहे, छापील अहवालासाठी ती उपयोगी पडते. आणखी एक पथ्य पाळावे : साडीला एकदा दिलेला रंग पुढील वर्षी चादरींना देऊ नये.

चौथा प्रश्न सजावटीचा, आणि खरी दिशाभूल येथेच होते. ‘थ्री-डी पाय’ हा पर्याय दिसायला आकर्षक आहे. त्यात वर्तुळ मागे कलते, पुढच्या पाकळ्यांची जाडी दिसू लागते आणि मागच्या पाकळ्या आखूड होतात. आपल्या दुकानाच्या चित्रात ड्रेस मटेरियलची पाकळी 126 अंशांपासून 225 अंशांपर्यंत, म्हणजे नेमकी समोरच्या बाजूस येते. साहजिकच 27.5 टक्के असलेले ड्रेस मटेरियल 35 टक्के असलेल्या साडीच्या तोडीस तोड वाटू लागते. आता ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ हा आकडा 0 ऐवजी 120 करून पाहा. साडी समोर येते आणि ड्रेस मटेरियल मागे जाते. खतावणीतील एकही रक्कम बदललेली नाही; बदलले ते केवळ पाहणाऱ्याचे मत. दोन भावांकडे दोन विभाग असतील, तर अशा चित्राने नकळत एकावर अन्याय होऊ शकतो. म्हणून घरच्या बैठकीत थ्री-डी वर्तुळ आणूच नये. ‘पाय एक्सप्लोजन’ने पाकळी बाहेर ओढण्याची सोयही जपून, एखाद्याच पाकळीपुरती वापरावी, सगळ्याच पाकळ्या विखुरल्या की पूर्णाचा बोध नाहीसा होतो.

पाचवा प्रश्न लहान रकमांचा. बारा-पंधरा बाबी एका वर्तुळात कोंबल्या की शेवटच्या पाकळ्या रेघांसारख्या दिसतात. एक्सेलमध्ये ‘पाय ऑफ पाय’ आणि ‘बार ऑफ पाय’ असे दोन प्रकार आहेत. त्यांत लहान बाबी एकत्र करून शेजारच्या छोट्या वर्तुळात अथवा स्तंभात उलगडून दाखवता येतात. मात्र ‘इतर’ या नावाची पाकळी फुगू देऊ नये. कर्जप्रस्तावाच्या कागदांत खर्चाचा चौथा हिस्सा ‘इतर’ दिसला की बँकेतील अधिकारी प्रथम त्यावरच बोट ठेवतो. भागीदारानेही तेच करावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. वृत्तालेख वाटा दाखवतो, रक्कम दाखवत नाही. समजा, गतवर्षी याच दुकानाची विक्री 64 लाख होती आणि त्यात साड्यांचा वाटा 40 टक्के होता. यंदा तो 35 टक्के आहे. दोन सारखी वर्तुळे शेजारी ठेवली, तर कोणीही म्हणेल की साडीचा धंदा उतरला. लग्नसराईची खरेदी आटोपती घ्यावी. प्रत्यक्षात गतवर्षी साड्या विकल्या गेल्या 25 लाख 60 हजारांच्या आणि यंदा 28 लाखांच्या. विक्री 2 लाख 40 हजारांनी, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक वाढली आहे. इतर विभाग त्याहून वेगाने वाढले इतकेच. चित्रावर विसंबून साठा कमी केला, तर ऐन हंगामात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढेल.

प्लेफेअरची काळजी येथे उपयोगी पडते. दोन वर्षांची वर्तुळे काढायचीच असतील, तर त्यांची क्षेत्रफळे एकूण विक्रीच्या प्रमाणात हवीत. 64 लाखांच्या वर्तुळाची त्रिज्या 4 सेंटिमीटर घेतली, तर 80 लाखांची सुमारे 4.5 सेंटिमीटर येते. विक्री सव्वापट झाली म्हणून त्रिज्याही सव्वापट, म्हणजे 5 सेंटिमीटर केली, तर क्षेत्रफळ दीडपटीहूनही अधिक होते आणि 25 टक्क्यांची वाढ 56 टक्क्यांची भासते. यापेक्षा सुलभ मार्ग म्हणजे तुलनेसाठी स्तंभालेख काढावा. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी 1984 साली प्रयोगांती दाखवून दिले, की एकाच पट्टीवरील उंची आपण जितकी अचूक ताडतो तितका कोन ताडता येत नाही. ‘आर’ प्रणालीच्या स्वतःच्या मदतपृष्ठावरही वृत्तालेख हे माहिती देण्याचे चांगले साधन नव्हे, असा स्पष्ट इशारा आहे. मला हा निर्णय थोडा कठोर वाटतो. चार-सहा भागांचा, एकाच वर्षाचा, एकाच पूर्णाचा वाटा दाखवण्यासाठी वर्तुळासारखे सुबोध साधन नाही. त्याच्या मर्यादेत ते वापरावे, इतकेच.

ती मर्यादा ओलांडली की काय होते, याचे शेवटचे उदाहरण नफातोट्याचे. तीन शाखांपैकी पहिलीला 6 लाख नफा, दुसरीला 3 लाख नफा आणि तिसरीला 1 लाख तोटा झाला. निव्वळ नफा 8 लाख. हे आकडे वृत्तालेखात घातले तर ‘आर’ आणि ‘मॅटप्लॉटलिब’ उणे आकडा नाकारून चित्र काढण्याचेच थांबवतात. एक्सेल मात्र उणे चिन्ह दुर्लक्षून तिन्ही रकमा अधिक धरते आणि 60, 30 व 10 टक्क्यांच्या तीन पाकळ्या काढून देते. तोट्यातील शाखा नफ्यात दहा टक्क्यांची भागीदार होऊन बसते! ज्या शाखेबाबत बैठकीत सर्वांत आधी बोलले पाहिजे, तीच निर्धास्त होते. उणे रक्कम असेल तेथे वृत्तालेख वर्ज्य, हा नियम घरातील प्रत्येक हिशेब पाहणाऱ्याने लक्षात ठेवावा.

तेव्हा यंदा मुलांनी वर्तुळ काढून आणले की त्यांचे कौतुक अवश्य करावे, आणि त्यासोबत चार प्रश्न विचारावेत. वर्तुळाखाली मूळ रकमांचा तक्ता व एकूण बेरीज आहे काय? टक्केवारीची बेरीज शंभर येते काय? उणे आकडा कोठे लपला नाही ना? आणि गतवर्षीशी तुलना केवळ वाट्याची आहे की रकमेची? या चौकशीत अविश्वास नाही. रोजमेळ मिटवण्यापूर्वी गल्ला मोजण्याची आपली जुनीच सवय आहे. ती खतावणीपुरती न राहता पडद्यावरील चित्रालाही लागू झाली, तर मुलांचे कौशल्य आणि वडिलांचा अनुभव एकाच कागदावर येईल.